हिरवा पुसला म्हणजे इन्फ्रारेड नव्हे

‘इन्फ्रारेड लूक’चं ॲप असताना रोल कशाला वाया घालवतोस, असं मला दर वेळी कुणीतरी ऐकवतं. अहो, फोनच्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते. जो प्रकाश आत शिरलाच नाही, तो ॲप कुठून दाखवणार? ते फक्त हिरवा शोधून पांढरा करतं.

फिल्मवर पान पांढरं येतं ते हिरवं असतं म्हणून नाही. आतल्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या तो न दिसणारा प्रकाश परत फेकतात. म्हणून तर दुसऱ्या महायुद्धात हिरव्या रंगाआड लपवलेलं सामान खऱ्या झाडीतून वेगळं काढायला ही फिल्म वापरली.

कोकणात मी आंब्याची तांबूस पालवी ७२० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून टिपली. फिल्टर जवळजवळ काळा; आधी फ्रेम, फोकस, मग तो लावायचा. भर उन्हातही ट्रायपॉड. दोन रोल फुकट गेले (पैसे विचारू नका). तिसऱ्यात पालवी चुन्यासारखी पांढरी, मागची हिरवी रंगवलेली शेड काळपट. ॲपने नेमकं उलटं केलं: शेड पांढरी, पालवी तांबूसच.

ॲप खुशाल वापरा. फक्त फोटोखाली ‘इन्फ्रारेड’ लिहू नका, ‘हिरवा पुसला’ लिहा.