तान्ह्याच्या मेंदूचें चित्र

सन २०२४ च्या माघांत आमच्या पुतण्यास मुलगा झाला. पण जन्मतांच तो रडला नाहीं. श्वास लागण्यास कांहीं मिनिटें गेलीं आणि दुसऱ्या दिवशीं आंचके आले. घरांत लगेच कारणांचा शोध सुरू झाला. कोजागिरीच्या ग्रहणांत सुनेनें विळी हातीं धरली होती, ही आठवण वहिनींनीं काढली. सून बिचारी भिंतीकडे तोंड करून पडून राही.

टाळूवरून केलेल्या सोनोग्राफींत विशेष कांहीं दिसेना, म्हणून पांचव्या दिवशीं डॉक्टरांनीं 'एम्. आर्. आय्.' करविला. इतकें लहान मूल निश्चल कसें राहणार, ही माझी शंका. उपाय घरगुतीच निघाला! पोटभर दूध पाजून, कान झांकून, दुपट्यांत घट्ट गुंडाळलें कीं तें झोपतें. पुष्कळदां गुंगीचें औषध लागतच नाहीं. वहिनींनीं बांधलेला ताईत मात्र काढावा लागला, कारण चुंबकापुढें धातु चालत नाहीं.

या तपासणींत क्ष-किरण नसतात. बलिष्ठ चुंबकाच्या प्रभावाखालीं शरीरांतील पाण्याच्या हायड्रोजनला रेडिओ-लहरींनीं चाळविलें असतां तो सूक्ष्म संदेश देतो आणि त्यांवरून संगणक चित्र रचतो. नैयायिक याला प्रत्यक्ष म्हणणार नाहींत, अनुमानच म्हणतील. तथापि धुरावरून अग्नि ओळखणारें अनुमान कांहीं खोटें नसतें. प्राणवायु न मिळालेल्या जागीं पेशी सुजतात, तेथील पाण्याची हालचाल मंदावते. ही खूण पहिल्या आठवड्यांतच ठळक असते, पुढें पुसट होत जाते.

मेंदूच्या गाभ्यांतील केंद्रांस इजा असती, तर हातापायांच्या चलनवलनाची मोठी धास्ती होती. आमच्या मुलाचा गाभा शाबूत होता. बाहेरच्या बाजूस दोन डाग निघाले. मूल बहुधा चालेल, पण बोलणें व शिकणें यांवर शाळेच्या वयापर्यंत लक्ष ठेवावें, याहून अधिक भविष्य डॉक्टरांनीं वर्तविलें नाहीं.

आणखी एक गोष्ट मीं मुद्दाम विचारून घेतली व घरीं सर्वांदेखत सांगितली : डाग ताजे आहेत, म्हणजे इजा प्रसूतीच्या सुमाराची आहे. ग्रहण तर साडेतीन महिन्यांमागें होऊन गेलें होतें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. उठून सुनेच्या उशाशीं जाऊन बसल्या.

मुलगा आज घरभर धांवतो. शब्द जरा उशिरानें येत आहेत आणि आम्हां सर्वांचे कान तिकडेच लागले आहेत.