आधी कोणाकडे धावायचे?

२९ जुलै २०२३ रोजी पहाटे मलकापूरजवळ राष्ट्रीय महामार्गावर दोन खासगी बसगाड्यांची टक्कर झाली. सहा जण दगावले, वीसच्या आसपास प्रवासी जखमी झाले. हाच महामार्ग पुढे नांदुऱ्यावरून खामगाव-अकोल्याकडे जातो, आणि या पट्ट्याला अपघात नवे नाहीत. अशा वेळी जवळच्या लहान रुग्णालयाच्या दारात एकदम आठ-दहा जखमी येतात. हाताशी एखादे डॉक्टर आणि एक-दोन परिचारिका. कोणी मोडलेला पाय धरून ओरडत असतो, कोणाच्या कपाळातून रक्त वाहत असते. आणि कोपऱ्यातल्या स्ट्रेचरवर एक जण अगदी शांत पडलेला असतो. ओठ निळसर, श्वास भराभर. आधी कोणाकडे धावायचे?

नातेवाइकांची पावले ओरडणाऱ्याकडे वळतात. परिचारिकेची पावले त्या शांत माणसाकडे वळायला हवीत. ओरडणाऱ्याची श्वासनलिका मोकळी आहे, हे त्याच्या आवाजानेच सांगितलेले असते. श्वसनमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण हा क्रम पुस्तकात सगळ्यांनी वाचलेला असतो. गोंधळात तो आठवणे वेगळे. परिचारिकेला परवाना देणाऱ्या चांगल्या परीक्षा नेमके हेच तपासतात.

अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करायचे तर ‘एनसीएलईएक्स’ ही परीक्षा द्यावी लागते. संगणकावरची ही परीक्षा पाच तासांची असते. प्रत्येक उत्तरानुसार पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते, त्यामुळे एखादीला ८५ प्रश्न येतात तर एखादीला १५०. एप्रिल २०२३ पासून तिच्यात रुग्णाची पूर्ण हकिगत देऊन विचारलेल्या प्रश्नांची भर पडली. कोणती लक्षणे महत्त्वाची, त्यांचा अर्थ काय, सर्वांत मोठा धोका कोणता, उपाय कोणते, आधी काय करायचे आणि केल्यानंतर फरक पडला का, अशा सहा पायऱ्यांनी परीक्षार्थीचा निर्णय पारखला जातो. ब्रिटनमध्ये लेखी चाचणीनंतर प्रत्यक्ष कौशल्याची चाचणी असते. परदेशी जाऊ पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलीही या परीक्षांसाठी शिकवण्या लावतात.

महाराष्ट्रातली वाट वेगळी आहे. ‘जीएनएम’ची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, तर बी.एस्सी. नर्सिंगची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. ती उत्तीर्ण झाल्यावर मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करायची की काम करण्याचा हक्क मिळतो. परवान्यासाठी वेगळी परीक्षा नाही. यात गैर काही नाही, पण त्यामुळे अंतिम वर्षाच्या परीक्षेवरची जबाबदारी दुप्पट होते. तीच पदवी देते आणि प्रत्यक्षात परवान्याचे दारही तीच उघडते. ती जर ‘व्याख्या लिहा’, ‘प्रकार सांगा’ एवढ्यावरच थांबली, तर रात्रपाळीतल्या निर्णयाची तपासणी थेट रुग्णावर होते.

या तपासणीत कोणते ज्ञान अत्यावश्यक आहे, हे तालुक्याच्या दवाखान्यातल्या रोजच्या कामावरून सहज कळते. पहिले म्हणजे औषधाचे गणित. बारा किलो वजनाच्या तापलेल्या मुलाला पॅरासिटामॉल द्यायचे आहे; डॉक्टरांनी किलोमागे १५ मिलिग्रॅम सांगितले. म्हणजे १८० मिलिग्रॅम. पण बाटली कोणती? पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असेल तर ७.२ मिलिलिटर द्यायचे, २५० मिलिग्रॅम असेल तर ३.६. दोन्ही बाटल्या एकाच कपाटात, दिसायलाही सारख्या. लेबल न वाचता सवयीने मोजले, तर मुलाला दुप्पट औषध जाते किंवा अर्धेच. सलाइनचेही तसेच. ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचे आणि नळीतून एका मिलिलिटरचे २० थेंब पडतात, तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. जिथे सलाइनचा पंप नाही तिथे हा हिशेब आणि मनगटावरचे घड्याळ एवढेच साधन असते.

दुसरे, औषध कधी द्यायचे नाही हे कळणे. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येऊ लागले की मॅग्नेशियम सल्फेट आईचा जीव वाचवते. मात्र तेच औषध जास्त झाले तर श्वास थांबवते. म्हणून पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या: गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते का. एकही उत्तर ‘नाही’ आले तर डोस थांबवायचा, डॉक्टरांना कळवायचे आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे. पोटॅशियम क्लोराइड शिरेतून कधीही थेट टोचायचे नाही, ते पातळ करून सावकाशच द्यायचे, हाही असाच नियम. यात चूक झाली तर हृदय जागीच थांबू शकते.

तिसरे, शेतीच्या भागातली विषबाधा. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात फवारणीच्या दिवसांत चक्कर, उलट्या आणि तोंडाला फेस घेऊन शेतमजूर येतो. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या दिसल्या, की सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाचा संशय घ्यायचा. त्याचे भिजलेले कपडे काढून अंग धुवायचे, तेही स्वतःच्या हातात मोजे घालून, आणि ॲट्रोपिन तयार ठेवायचे. साप चावलेल्याला सर्पविषावरची लस सुरू केली तर पहिली काही मिनिटे खाटेपाशीच थांबायचे, कारण तीव्र ॲलर्जी उठू शकते. अशा वेळी ॲड्रिनालिन भरून ठेवलेले असावे लागते.

चौथे, संसर्ग. रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुणे, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न घालणे, कचरा योग्य रंगात टाकणे. २०१६च्या नियमांनुसार रक्ताने माखलेली पट्टी पिवळ्या पिशवीत, सलाइनची नळी लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या खुणेच्या खोक्यात जाते. परीक्षेत हा एका गुणाचा प्रश्न असतो. प्रत्यक्षात चुकीच्या पिशवीत पडलेली सुई सफाई कामगाराच्या हातात शिरते, आणि तिच्यासोबत कावीळ किंवा एचआयव्हीचा धोकाही.

मग महाराष्ट्रातही स्वतंत्र परवाना परीक्षा घ्यावी का? घाईने ‘हो’ म्हणण्यात धोका आहे. आणखी एक पाठांतराची परीक्षा आली की तिच्याभोवती शिकवण्यांचा बाजार उभा राहील. केंद्र मुंबई-पुण्यात ठेवले आणि प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत काढली, तर नांदुरा-जळगाव जामोदच्या मराठी माध्यमातल्या मुलीच आधी गळतील. खेड्यातल्या दवाखान्यांत टिकून राहणाऱ्या परिचारिका बहुधा याच मुली असतात.

त्यापेक्षा आहे ती परीक्षा बदलणे सोपे आणि स्वस्त आहे. अंतिम वर्षाच्या प्रश्नपत्रिकेत निम्मे गुण प्रसंगावरच्या प्रश्नांना द्यावेत. औषधाच्या गणितात पूर्ण गुण नसतील तर उत्तीर्ण करू नये. मात्र पुन्हा बसण्याची संधी लगेच आणि विनाशुल्क मिळावी. प्रात्यक्षिक जिल्ह्याच्या ठिकाणीच, पुतळ्यावर आणि प्रत्यक्ष कपाटासमोर घ्यावे, आणि परीक्षक दुसऱ्या संस्थेचे असावेत. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी सतत शिक्षणाचे तास मोजले जातात. ते नुसत्या व्याख्यानाला बसून भरण्याऐवजी जीव वाचवणाऱ्या या कौशल्यांच्या उजळणीने भरावेत. परिचर्या परिषदेच्या १९४७च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला आहे. नवी घडी बसत असतानाच राज्याने हे आग्रहाने मांडायला हवे.

अर्थात कोणतीही परीक्षा मनुष्यबळाची जागा घेत नाही. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री एकच परिचारिका असेल आणि तिलाच प्रसूतीही पाहायची असेल, तर उत्तम गुण मिळवलेलीही कुठे ना कुठे कमी पडेल, आणि चौकशीत नाव मात्र तिचेच येईल. तेव्हा रिक्त पदे भरणे आणि परीक्षा सुधारणे ही दोन्ही कामे बरोबरच व्हायला हवीत. परदेशी रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहण्यापूर्वी आपल्या मुलींची जितकी कसून परीक्षा होते, तितक्याच कसोशीने तयार झालेली परिचारिका मिळण्याचा हक्क नांदुऱ्याच्या रुग्णालाही आहे.