अ की अ‍ॅन?

माझं माहेर बऱ्हाणपूर, सासर निपाणी. माहेरी घरात मराठी नि दारात हिंदी. सासरी मराठीच्या जोडीला कानडी. इंग्रजी मात्र दोन्हीकडे पाहुणीच! गेल्या दिवाळीत माहेरी गेले, तेव्हा या पाहुणीने घरात चक्क भांडण लावलं होतं.

भाचीने गावावर इंग्रजी निबंध लिहिला होता. तापीचा काठ, शाही किल्ला, १६३१ साली इथेच झालेला मुमताजमहलचा मृत्यू, सगळं छान. पहिलं वाक्य आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सांगितलेलं : 'बऱ्हाणपूर इज अ‍ॅन हिस्टॉरिकल सिटी.' बाईंनी 'अ‍ॅन' खोडून 'अ' केलं आणि गुण कापला. भाची फणकारली, "आबा, तुमचं इंग्रजी जुनं झालं!" आबा काही बोलले नाहीत. पण आम्हा भावंडांना इंग्रजी शिकवलेले आबा दोन दिवस तिच्या वहीला हात लावेनात.

शेवटी दोघांना समोर बसवलं. म्हटलं, हा नियम डोळ्यांचा नाही, कानांचा आहे. आपण ए-ई-आय-ओ-यू पाठ करतो आणि तिथेच फसतो. पुढच्या शब्दाचा उच्चार स्वराने सुरू झाला तर 'अ‍ॅन', व्यंजनाने झाला तर 'अ'. 'युनिव्हर्सिटी' य ने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'अवर'मधला एच मुकाच, म्हणून 'अ‍ॅन अवर'. 'अ बी.ए.', पण 'अ‍ॅन एम.ए.'. आपल्याकडे कुणी 'यम्.ए.' म्हणतात, त्यांची पंचाईत होते ती याचमुळे!

आता हिस्टॉरिकल. यात जोर 'टॉ'वर असतो. पूर्वी सुरुवातीचा 'ह' बरेच इंग्रज अगदी हलका उच्चारत, म्हणून जुन्या पुस्तकांत 'अ‍ॅन हिस्टॉरिकल' भेटतं. आज 'ह' स्पष्ट म्हणतात, म्हणून 'अ'. म्हणजे आबा शिकले ते खोटं नव्हतं आणि आजच्या परीक्षेपुरती बाईंची दुरुस्तीही योग्यच.

मुळात हे दोन्ही शब्द एकाच 'एक'ची लेकरं. 'अ‍ॅन' थोरलं, पुढे व्यंजन आलं की त्यातला 'न' गळाला आणि 'अ' उरलं. खुद्द इंग्रजांचेही कान फसले आहेत. 'अ नेप्रन' ऐकता ऐकता त्याचं 'अ‍ॅन एप्रन' झालं, आणि आज तेच शुद्ध!

निपाणीच्या माझ्या मुलांना याचं नवल वाटलं नाही. सासूबाईंच्या कानडीत घर असेल तर 'ओंदु', मुलगा असेल तर 'ओब्ब', मुलगी असेल तर 'ओब्बळु'. पुढे कोण आहे ते पाहून 'एक' बदलायची त्यांना सवय आहे. कानडी अर्थ बघते, इंग्रजी आवाज ऐकते, एवढाच फरक.

तेव्हा मुलांना नियम घोकायला लावू नका, वाक्य मोठ्याने म्हणायला लावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाची वही घेऊन आबांच्या खुर्चीपाशी गेली. "आबा, मी वाचते. तुम्ही फक्त ऐका."

आबांनी पेपर बाजूला ठेवला.