अतिहसिताची बाजू

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात सांगितलेले हास्याचे सहा प्रकार आपण वर्गात शिकवतो आणि बहुधा यादीपाशीच थांबतो. स्मित व हसित उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित व उपहसित मध्यमांचे, अपहसित व अतिहसित अधमांचे. विनोद कसा आहे यापेक्षा हसणारा कोण, यावर ही उतरंड उभी आहे. डोळ्यांत पाणी येईस्तोवर, कुशी दाबून हसणारा माणूसच मुळी खालच्या पायरीवरचा!

हे आठवायचे निमित्त तसे क्षुल्लक. ॲडम सँडलरचा १९९६ सालचा 'हॅपी गिलमोर' हा अमेरिकी चित्रपट नुकताच पुन्हा पाहिला आणि अगदी अधमासारखा हसलो. रॉजर ईबर्ट यांनी त्याला दीड तारा दिला होता. त्यांचे फारसे चुकले नाही. नायिका नावापुरती आहे आणि नायकाच्या मारामाऱ्या लवकरच कंटाळा आणतात. तरीही या चित्रपटाला 'सवंग' म्हणून मोकळे होणे मला पटत नाही.

हॅपी हा आइस हॉकीत सतत नाकारला गेलेला तापट तरुण. कर थकल्यामुळे आजीचे घर जप्त होते. सामान हलवायला आलेल्या माणसांशी पैज लावताना त्याला कळते, की आपला फटका चारशे यार्ड जातो. तो गोल्फकडे वळतो तो केवळ घर सोडवण्यासाठी. गोल्फवरची भक्ती त्याच्या गावीही नाही, आणि प्रतिष्ठितांना खरा राग याचाच येतो.

ती प्रतिष्ठा कशी जपली गेली होती? अमेरिकी व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेत केवळ गौरवर्णीयांना प्रवेश देणारे कलम १९६१ पर्यंत होते. ऑगस्टा नॅशनल क्लबने पहिला कृष्णवर्णीय सदस्य १९९० मध्ये घेतला; स्त्रियांना २०१२ पर्यंत थांबावे लागले. चित्रपटात हॅपीचा गुरू चब्ज कृष्णवर्णीय आहे. त्याला खेळ सोडावा लागला हे कळताच हॅपी हळहळून विचारतो, वर्णामुळे का? चब्ज उसळून सांगतो, छे, मगरीने हात तोडला म्हणून! प्रेक्षक खो खो हसतो. पण हॅपीचा प्रश्न जर मुळातच संभवनीय नसता, तर हसू कुठून आले असते? हा इतिहास चित्रपट एका वाक्यानेही सांगत नाही. तो प्रेक्षकाला ठाऊक आहे, हे त्याने गृहीत धरले आहे.

शेवटचा फटकाही पाहण्याजोगा आहे. कोसळलेला टीव्हीचा मनोरा वाट अडवतो आणि हॅपी त्याच्या सांगाड्यातूनच चेंडू खेळवत नेतो. ही विद्या त्याला चब्जने मिनी गोल्फच्या पोरखेळात शिकवलेली असते.

चित्रपटाची खरी तडजोड निराळीच आहे. हॅपीला काढून टाकायला निघालेले आयोजक त्याला ठेवून घेतात, कारण त्याच्यामुळे टीव्हीचे प्रेक्षक वाढतात. पुढे तर बंडखोर सँडविचच्या जाहिरातीतही झळकतो. दिग्दर्शकाला यात काही खुपल्याचे दिसत नाही.

२०२५ मध्ये दुसरा भाग आला. त्यात स्कॉटी शेफलर, रॉरी मॅकिलरॉय असे खरेखुरे अव्वल गोल्फपटू हौसेने वावरतात. ज्यांच्या जगाची टर उडवायची, तेच पाहुणे होऊन आलेले. तो पाहताना मी मात्र स्मिताच्या पुढे गेलो नाही.