विश्लेषण : फाइल लहान झाली, पण सातबाऱ्यातला आकडा शाबूत आहे का?

हिंगणघाट असो की आर्वी, ऑनलाइन अर्ज भरताना एक सूचना हमखास अडवते : 'फाइल अमुक केबीपेक्षा मोठी नसावी'. मग सातबाऱ्याचा फोटो काढायचा, एखाद्या ॲपमध्ये टाकून तो 'कॉम्प्रेस' करायचा आणि अपलोड करून मोकळे व्हायचे. अर्ज जातो, पण गट क्रमांकात १ आहे की ९, हे तपासणाऱ्याला दिसेलच असे नाही.

फाइल लहान करण्याचे प्रकार कोणते?

प्रकार दोन. पहिल्यात बारकावे टाकून दिले जातात. जेपेग फोटोत हेच होते आणि टाकलेले पुन्हा मिळत नाही. दुसरा 'लॉसलेस'. झिप फाइल उघडली की मूळ मजकूर जसाच्या तसा मिळतो, एका बिटाचाही फरक नसतो.

काहीही न गमावता जागा वाचते कशी?

आधी मराठीचा हिशेब पाहू. सध्याच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह (अक्षर, काना, मात्रा, हलन्त) तीन बाइट घेते. 'सेवाग्राम' रोमन लिपीत ८ बाइटचे, देवनागरीत २७ बाइटचे.

आता एक हजार नावांची यादी घ्या. प्रत्येक ओळीत 'तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा' आहे. हा तुकडा ७९ बाइटचा; हजार वेळा लिहिला तर ७९,००० बाइट. झिप तो एकदाच पूर्ण लिहिते. पुढे फक्त खूण असते : 'मागे इतके बाइट जा, तिथून ७९ बाइट उचल'. ही खूण सहसा दोन-तीन बाइटांत मावते. वाचून झालेला मजकूर हाच इथे शब्दकोश. झिपची नेहमीची पद्धत ३२ केबीपर्यंत मागे पाहते.

इस्रायलचे अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी ही कल्पना १९७७ मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी त्यांनी तुकड्यांना क्रमांक देऊन कोश तयार करणारी दुसरी पद्धत दिली. १९८४ मध्ये टेरी वेल्च यांनी तिची सुधारित आवृत्ती मांडली. जिफ चित्रांत तीच वापरली जाते.

'जवळपास सारखे' का चालत नाही?

या पद्धतींचा एकच नियम : तुकडा तंतोतंत तोच असेल, तरच खूण. नियम सैल झाला की काय होते, ते २०१३ मध्ये दिसले. जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांना आढळले, की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात आकडे बदलले आहेत. वेगवेगळ्या आकाराच्या तीन खोल्यांवर १४.१३ हाच आकडा उमटला होता. यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्यांपैकी एकच साठवून ती सगळीकडे वापरत होते. कल्पना शब्दकोशाचीच, पण तुलना अंदाजाची. कंपनीला सॉफ्टवेअर दुरुस्त करावे लागले.

अंधूक आकडा निदान शंका तरी निर्माण करतो. स्वच्छ दिसणारा चुकीचा आकडा कोणी तपासतही नाही. सातबाऱ्यावरच्या क्षेत्रफळाचे असे झाले तर?

मग करायचे काय?

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पीडीएफ म्हणून मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट काढू नका, तो मूळ रूपातच जपा. व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून नव्हे, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पीडीएफ 'लहान' करून देणाऱ्या ॲपमधून तो काढू नका; फाइल नव्याने लिहिली गेली की स्वाक्षरीची पडताळणी फसते.

पण सगळा भार नागरिकावर का? सरकारने दिलेली मूळ फाइल सरकारच्याच अर्जात बसत नसेल, तर मर्यादा बदलायला हवी. याद्याही छापून, स्कॅन करून टाकण्यापेक्षा मजकूर म्हणून द्याव्यात. त्या कमी डेटात उघडतील, नाव शोधता येईल आणि आकडा बदलणार नाही. जागा वाचवण्याचे निर्दोष तंत्र ४० वर्षांहून जुने आहे. तेव्हा केबी वाचवण्यासाठी शेतकऱ्याच्या कागदावरचा आकडा पणाला लावण्याचे कारण उरत नाही.