घाणेरीचे हत्ती

आज खत-फवारणी नाही, एका प्रदर्शनाबद्दल लिहितोय. विषय हत्तींचा आहे, त्यामुळे तिलारी खोऱ्यातले लोक आधी दोन शिव्या घालतील आणि मग वाचतील. चालेल.

२०२४ च्या फेब्रुवारीत बंगळूरच्या लालबागेत खऱ्या मापाचे हत्ती मांडले होते. भाच्याकडे गेलो होतो म्हणून बघायला मिळाले. सुळेवाले, माद्या, पिल्लं, अख्खा कळपच. लांबून जिवंत वाटतात. जवळ गेलो तर सगळे घाणेरीच्या काठ्यांचे! आपली तीच, बांधावरची, कुणी टणटणी म्हणतात ती. आराखडा शुभ्रा नायर या चित्रकर्तीचा, आणि हात निलगिरी परिसरातल्या बेट्टाकुरुंब, पणिया, काट्टुनायकन, सोलिगा आदिवासींचे. आत लोखंडी सळ्यांचा सांगाडा. काठ्या उकळायच्या, साल सोलायची, म्हणजे हव्या तशा वाकतात. मग सांगाड्यावर खिळ्यांनी ठोकत जायचं. प्रत्येक हत्ती तिकडच्या एकेका खऱ्या, ओळखीच्या हत्तीवरून केलेला. असेच हत्ती २०२१ मध्ये लंडनच्या बागांत आणि २०२४ मध्येच न्यूयॉर्कच्या रस्त्यावरही उभे राहिले.

लोक सेल्फी काढत होते. "किती गोड!" एक बाई म्हणाल्या. गोड आहेच, पण त्याच्या बिलाचं काय? माड लागता व्हायला सहा-सात वर्षं जातात आणि हत्ती एका रात्रीत त्याचा कोंब काढून खातो. केळी तर मोजूच नका. २००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले, तेव्हापासून हे चाललंय. २०२५ च्या एप्रिलमध्ये मोर्ले गावात काजू गोळा करायला गेलेला शेतकरी हत्तीच्या हल्ल्यात गेला. शहरातल्या माणसाचं हत्तीवरचं प्रेम खरं असेल, पण ते फुकटातलं आहे, हे कुणीतरी त्या प्रदर्शनात लिहून लावायला हवं होतं.

तरीही मला हे काम पटलं, आणि त्याचं कारण कला नाही, घाणेरी आहे. मूळची अमेरिकेतली ही झुडपं इंग्रजांनी १९ व्या शतकाच्या सुरुवातीला बागेच्या शोभेसाठी इथे आणली. आज देशातल्या जंगलाचा सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर भाग तिने धरलाय, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त. तिच्याखाली गवत येत नाही. गुरांनी पाला खाल्ला तर यकृत जातं, उन्हात कातडी सोलते. रानातला चारा असा संपल्यावर जनावर कुठे येणार? आणि डुकरांना दिवसा लपायला त्याच जाळ्या, रात्री खायला आपलं भात.

आता कुणी म्हणेल, घाणेरी काढली की हत्ती परत जातील का? नाही जाणार. एकदा केळीची चव लागलेला हत्ती गवतासाठी मागे फिरणार नाही, हे उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. पण गवे आणि भेकरांना रानात चारा झाला आणि डुकरांचे अड्डे मोडले, तर तेवढा तरी भार कमी होईल.

गुडलूरच्या लोकांची खरी हुशारी इथे दिसते. रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला घाणेरी काढायचे आणि घडवायचे पैसे मिळतात, हत्ती विकून येणारी रक्कम माणूस-वन्यप्राणी सहजीवनाच्या कामांना जाते. आपल्याकडे त्याच माणसाला पंचनाम्याची वाट बघायला लावतात. रोजगार हमीतून रानकडेची घाणेरी काढायची कामं गावागावात निघायला हवीत. ग्रामसभेत हे मांडा, मी आमच्याकडे मांडलंय. (आमच्याकडे रानमोडीपण आहे, पण तिचं खोड असं पोचट की तिचा ससासुद्धा व्हायचा नाही.)

काढायची कशी, ते महत्त्वाचं. कोयत्याने वरून छाटू नका, दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलेली पद्धत सोपी आहे: जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे परत रुजत नाही. फळं धरण्याआधी काढा, नाहीतर बुलबुल बी सगळीकडे पेरतात. मोकळ्या जागेत लगेच स्थानिक गवताचं बी टाका. पक्षी बसतात त्या झाडांखाली पावसाळ्यात नवी रोपं दिसतील, ती हातानेच निघतात. हे दोन-तीन वर्षं करावं लागतं. ज्यांनी करून बघितलंय त्यांनी किती मजूर लागले ते खाली लिहा.