आधी कानाला शिकवा

फ्रान्समध्ये इंग्रजी शिकवणाऱ्याच्या हाती एक आयती शिदोरी असते. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या काही शतकांत दरबारातले, न्यायालयातले, मुदपाकखान्यातले फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले ते कायमचे. त्यामुळे लियाँच्या शाळेतल्या मुलाला 'टेबल', 'नेशन', 'इम्पॉर्टंट' हे शब्द पुस्तकात पाहताच कळतात. स्पेलिंगसकट ते त्याच्या घरचेच. या शिदोरीवर शिक्षक फार विसंबतात, असे आमचे मत आहे. अर्थाने फसवणाऱ्या शब्दांबद्दल वर्गात पुष्कळ सावध केले जाते. फ्रेंच 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचे दुकान, ग्रंथालय नव्हे. हिंदी शिकवताना आपण 'शिक्षा' या शब्दापाशी थांबतो, तसेच हे. पण ती यादी पाठ करता येते. ज्या असंख्य शब्दांचा अर्थ जुळतो आणि आवाज जुळत नाही, त्यांच्याकडे मात्र दुर्लक्ष होते.

फ्रेंच बोलण्यात अक्षरे बरीचशी सारख्या वजनाने येतात आणि जोर पडतो तो शब्दसमूहाच्या शेवटी. इंग्रजीत प्रत्येक शब्दाचा आघात ठरलेला, बाकीचे स्वर पुसट होतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. वाचताना सहज कळलेला शब्द म्हणूनच ऐकताना निसटतो. जगभर इंग्रजी नाना ढंगांनी बोलतात, मग फ्रेंच ढंगाला हरकत का, असे कोणी विचारील. ढंगाला हरकत नाहीच. प्रश्न समोरच्याचे बोलणे समजण्याचा आहे, आणि आघात कुठे शोधायचा हेच कानाला ठाऊक नसेल तर ते समजत नाही. तास मोजके असतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. परंतु टीव्हीवरच्या परदेशी मालिका तिथे बहुतांशी फ्रेंच आवाजात दाखवल्या जात आल्या आहेत. पुष्कळ मुलांना इंग्रजी नियमित ऐकायला मिळते ते शाळेतच. परकी भाषा २०१६पासून पहिलीतच सुरू होते आणि शालान्त वर्षी पहिल्या परकीय भाषेत भाषाक्षमतेच्या युरोपीय मोजपट्टीवरची 'बी२' पातळी अपेक्षित असते. त्या पातळीत ऐकून समजणेही येते. शब्द ओळखीचेच असल्यामुळे अर्थ सांगण्यात जो वेळ वाचतो, तो कानासाठी वापरता येईल.

म्हणून तिथल्या शिक्षकांना आमची विनंती आहे: ओळखीचा शब्द फळ्यावर लिहिण्याआधी तो दोनदा ऐकवा, आणि जोर कुठे पडला ते मुलांनाच सांगू द्या.